भिकूमायचा आंधळा हत्ती

मी तीस वर्षे नाटकात राण्यांची कामे केली. शालू नेसून, नथ अडकवून, आठवड्यातून निदान एकदा तरी वनवासाला गेलो. कजाग सासवा पाहिल्या, शाप देणारे ऋषी पाहिले, ऐन रंगात आलेल्या प्रवेशात पेटी बंद करून तंबाखू मळणारे पेटीवाले पाहिले. पण माणसाचा जीव टांगणीला कसा लावावा, हे नंदुरबारच्या भिकुबाईइतके त्यांतल्या एकालाही जमले नाही. ती नाटकातली नव्हे. ती भिंतीवर चित्रे काढायची. आणि आमच्या गावात लग्न निघाले की नवरीच्या बापाला मुलीपेक्षा भिकूमायची धास्ती जास्त असायची.

परवा वाचनालयाची मंडळी घरी आली. म्हणाली, "बन्सीलालजी, तुम्ही भिकूमायला जवळून पाहिलंय. चार गोड आठवणी लिहून द्या."

गोड! माझ्याकडे तिच्या वीसपंचवीस आठवणी आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकीत मी कपाळावर हात मारून उभा आहे. तरी लिहितो. कारण तिच्या घराच्या दारावरचा हत्ती तसा का आहे, असे नवी मंडळी अजून विचारतात, आणि खरे सांगणारा आता मीच उरलोय.

तेव्हा आमचा मुलूख पश्चिम खानदेशात मोडायचा. लग्नघराच्या दाराशी दोन्ही बाजूंना चित्रे काढायची रीत होती. शेतकऱ्याच्या घरी दोन हत्ती, सोंडेत माळा. मारवाडी शेठच्या घरी हत्तींच्या जोडीला काठी घेतलेले दोन चोपदार. हे काम भिकूमायचे. चुना, गेरू, नीळ, हळद, काजळ आणि बाभळीचा डिंक, एवढाच तिचा पसारा. कुंचला म्हणजे शिंदीची काडी, टोक दगडाने ठेचून मऊ केलेली. हत्ती काढताना ती शेपटापासून सुरू करायची आणि पाठीवरून, डोक्यावरून उतरत सोंडेच्या टोकाशी थांबायची. मधे हात उचलायचा नाही, श्वासही बहुतेक घ्यायची नाही. लोक बघत उभे राहत. ज्याला जे जमेल ते तो द्यायचा, दादर ज्वारी, गूळ, एखादे लुगडे. शाळेची भिंत, चावडी, विहिरीचा काठ, हे सगळे ती आपणहून रंगवायची. कोणी नको म्हटले तरी.

इथपर्यंत सगळे गोड आहे. आता पुढचे ऐका.

हत्ती पूर्ण व्हायचा. माळ, झूल, घंटा, सगळे व्हायचे. डोळ्याच्या जागी मात्र पांढरी वाटोळी जागा राहायची. मग भिकूमाय काड्या धुवायची, पदराला हात पुसायची आणि घरधन्याला विचारायची, "तुन्हा कोन रुसेल शे?"

प्रत्येक घराचे कोणी ना कोणी रुसलेले असतेच. चुलतभाऊ, मेहुणा, जाऊ, व्याही. भिकूमायचा नियम असा, की त्या रुसलेल्या माणसाकडे घरधन्याने स्वतः जायचे, त्याला लग्नाला घेऊन यायचे, तो दाराशी उभा राहिला की मगच ती काजळाचा ठिपका देणार. "चित्र मी काढसू," ती म्हणायची, "डोया तुम्ही आणा. दारना हत्ती कोन उना ते देखस. आपलाच मानूस येवाव नसनं, तं त्याले डोया कसाले?" आपलेच माणूस येणार नसेल, तर हत्तीला डोळे कशाला, असे तिचे म्हणणे.

माणूस कपाळ बडवून घेईल नाही तर काय करील? हळद दुसऱ्या दिवशी, वऱ्हाड निघालेले, आणि दारात दोन आंधळे हत्ती. आंधळ्या हत्तीच्या दारातून नवरी काढणे म्हणजे अपशकुन, हेही गावात तिच्यामुळेच रूढ झालेले. आधी असे कोणी म्हणत नव्हते, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

हा जाच तिने सगळ्या गावाला केला. गंमत अशी, की तिची स्वतःची एक सख्खी जाऊ होती धानोऱ्याला, छबूबाई, आणि तिच्याशी ती वर्षानुवर्षे बोलत नव्हती. आणि घरात एक नात होती, जमना, जी लग्नाची होत चालली होती. आम्ही सगळे त्या दिवसाची वाट बघत होतो. काही जण तर नवस बोलून बसले होते.

त्यांतले पहिले इंदरमलशेठ. कापडवाले. त्यांचे धाकटे भाऊ मांगीलाल शेजारीच राहायचे. मांगीलालच्या पन्हळीचे पाणी इंदरमलच्या ओट्यावर पडते, यावरून दोघे नऊ वर्षे बोलत नव्हते. इंदरमलच्या मुलीचे लग्न ठरले. दारावर चोपदार उभे राहिले, मिशा झाल्या, पागोटी झाली. डोळे नाहीत.

शेठ ओट्यावर येरझारा घालत म्हणाले, "माय, डोळे कधी?"

"मांगीलालशेठ कोठे शे?"

"त्याचं नाव माझ्या ओट्यावर काढायचं नाही!"

"नही काढत," भिकूमाय म्हणाली आणि काड्या गुंडाळून घरी गेली.

शेठाणी पतासीबाई मोठ्या हिकमती. दुपारी सगळे झोपले असताना त्यांनी स्टुलावर चढून, डोळ्यांत घालायच्या काजळाच्या डबीतून बोटाने स्वतःच डोळे काढले. एक चोपदार आभाळाकडे बघू लागला, दुसरा स्वतःच्या नाकाकडे. त्याच संध्याकाळी नवऱ्यामुलाची आई अनोखीबाई साडीचोळी घेऊन आल्या. दाराशी थबकल्या, मान वाकडी करून बघितले आणि विचारले, "समधणजी, यो किण कानी देखै है?" म्हणजे, हा बघतोय तरी कुणाकडे?

सगळा बाजार हसला. इंदरमलशेठ तशीच पगडी घालून मांगीलालच्या घरी गेले. दोघे भाऊ आले तेव्हा भिकूमायने ओल्या फडक्याने ते तिरळे डोळे पुसले आणि चार ठिपक्यांत चोपदारांना शहाणे केले.

लग्नानंतर आठव्या दिवशी पन्हळीवरून पुन्हा भांडण झाले. मी मुद्दाम तिला जाऊन सांगितले. म्हटले, "काय उपयोग झाला, माय?"

"आठ दिन तं बोलनात ना?" ती म्हणाली. "त्याआधी नऊ साल नही बोलनात."

आता अशा बाईशी कोण वाद घालणार!

माझा नंबरही लागला. आमच्या नाटक मंडळीत राजाचे काम नवल करायचा, कोरीटचा. उंच, धिप्पाड, आवाज ढोलासारखा, आणि अक्कल त्या ढोलाच्या आतल्या भागाइतकी. उद्यानाच्या प्रवेशात तो माझ्या शालूच्या सोग्यावर पाय देऊन उभा राहायचा. मी पुढे जायला निघालो की शालू टरकायचा. तिसऱ्या वेळी मी भर प्रयोगात राजाच्या थोबाडीत दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटले कथेतच आहे. नवल मुकुट काढून विंगेत गेला तो थेट कोरीटला. मी दुसरा राजा आणला. पिचका होता, पण सोगा सांभाळायचा.

त्याच वर्षी आम्ही महालाचा नवा पडदा करायला घेतला. मांजरपाट शिवून कापसाच्या जिनाच्या आवारात पसरला आणि भिकूमायने त्यावर गुडघे टेकून पंधरा दिवस काम केले. खांब, झुंबरे, सिंहासन, सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना दोन मोर. असे मोर, की पिसे मोजावीत. आणि डोळे? दोन्ही मोरांचे कोरे.

"माय, हा पडदा आहे," मी म्हटले. "दार नव्हे. तुझा नियम दाराचा."

"पडदामाईन तुम्ही लोकेसनासमोर येतस ना?"

"येतो."

"मंग दारच शे ते. नवल कोठे शे?"

गेलो कोरीटला. नवल शेतात मिरच्या वाळत घालत होता. मला बघून त्याने काम थांबवले नाही. त्या लाल पथारीच्या कडेला मला अर्धा तास उभे केले. माझ्या नाकातून, डोळ्यांतून धारा लागल्या.

"राणीसायेब रडी ऱ्हायन्यात का?" त्याने विचारले.

"मिरची झोंबतेय, गाढवा!"

"नही, नही. रडी ऱ्हायन्यात. मन्हाकरता." आणि तो हसायला लागला. मग मीही हसलो, शिंकलो, पुन्हा हसलो. पिचक्या राजाला मी सेनापती केले. नवलने पुढे बावीस वर्षे माझा सोगा तुडवला. याचे श्रेय कोणाला द्यायचे ते तुम्हीच ठरवा.

आता जमनाचे सांगतो.

भिकूमायचे सासर धानोऱ्याचे, चांगले शेतीवाडीचे घर. नवरा लवकर गेला. तापाच्या साथीच्या साली एका आठवड्यात मुलगा आणि सून दोघे गेले. मागे राहिली ही नात, जेमतेम महिन्याची. भिकूमायने तिला पाठीशी बांधून शेळीच्या दुधावर जगवले.

पुढच्या श्रावणात कानबाई बसली. आमच्याकडची मंडळी जाणतात, बाहेरच्यांसाठी सांगतो. कानबाई म्हणजे श्रावणातल्या एका रविवारी घरात बसवायची आमची देवी, तिला रोटांचा नैवेद्य असतो. भाऊबंदांपैकी प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे, ते एकत्र दळायचे, त्याचे जाड रोट भाजायचे आणि ते भाऊबंदांनीच खायचे. मूठ मोजायचा मान घरच्या थोरल्या सुनेचा, म्हणजे छबूबाईचा. ती एकेक नाव घेत परातीत गहू टाकत गेली. भिकूमायच्या घराशी आली आणि पुढे गेली.

"भिकूकडे कोनी नही."

भिकूमायने पोर पुढे केली. "हाई शे ना."

"पोर शे ती. पोरनी मूठ ऱ्हास नही."

छबूबाईने यात नवे काही सांगितले नव्हते. रीतच तशी होती. पण ज्या घरातून वर्षाच्या आत दोन तिरड्या निघाल्या, त्या घराला "कोणी नाही" म्हणणे भिकूमायला झोंबले. तिने परातीतून काही घेतले नाही. स्वतःच्या मडक्यातले गहू काढले, जमनाच्या नावाने सव्वा मूठ मोजली आणि आपली चूल वेगळी पेटवली. भाऊबंदांचे रोट वेगळे होणे म्हणजे आमच्यात घर फुटणे. दिवाळीच्या आत ती पोरीला घेऊन नंदुरबारला आली, बाजारामागच्या गल्लीत दोन खणांच्या घरात राहिली, आणि भिंती रंगवायला लागली.

मग दर श्रावणात तिच्या घरी सव्वा मूठ गव्हाचा एक रोट व्हायचा. तळहातापेक्षा थोडा मोठा. दोघी तो सात दिवस पुरवून खायच्या. जमना बोलायला लागल्यापासून तिला दर वर्षी त्या परातीची सगळी गोष्ट ऐकावी लागायची, तीही माझ्यासारख्या पाहुण्यासमोर. मला ती पाठ आहे. प्रॉम्प्टर लागणार नाही.

पण पोरीवर जीव असा, की काय सांगू! चित्र काढताना जमना तिच्या गुडघ्याला टेकून बसलेली असायची. मोठी झाल्यावर ती गेरू वाटायची, डिंक भिजवायची. शाळेच्या भिंतीवर भिकूमायने अक्षरे रंगवली ती आधी जमनाला गिरवायला लावून. मास्तरांनी विचारले, मुलगी कशाला शिकवता, तर म्हणाली, "मी भिंत रंगाडस फुकट. तुम्ही पोर शिकाडा फुकट." मास्तरांनी मुकाट्याने पाटी दिली.

जमनाचे लग्न सतराव्या वर्षी ठरले, अक्कलकुव्याचे स्थळ. लोक कुजबुजले की फार उशीर केला, पण भिकूमाय मुलगी सोडेल तर ना. वैशाखातला मुहूर्त निघाला. तिने आपल्या दाराला चुना दिला आणि दोन हत्ती काढले. जन्मात काढले नसतील असे हत्ती. झुलीवर जमनाच्या बांगड्यांची नक्षी, पायात तोडे. हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी हत्ती पुरे झाले. डोळे कोरे.

गल्ली भरून गेली. आवतण नसलेले लोकही आले. इंदरमलशेठ दुकान बंद करून आले होते. लग्नासाठी त्यांनी एवढे कधी केले नसते.

"माय," शेठ गोड आवाजात म्हणाले, "डोळे?"

भिकूमायने काड्या धुतल्या. पदराला हात पुसले. कोणाकडे न बघता घरात गेली आणि पाटे हलवल्याचा मोठमोठा आवाज करू लागली.

मीही आत गेलो. मला म्हणाली, "जमनाना रुसवा नही. मन्हा शे. मी गई नही तं चालस."

"हे तू इंदरमलशेठना म्हणू दिलं असतंस का?"

"त्यासनी पन्हाळ व्हती! मन्ही पोर शे!"

कोपऱ्यात जमना हळकुंडे निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "मोठी माय, हत्तीसले डोया लागतीन तवयच मी हयद लावसू."

"तुले माहीत शे का ती काय बोलनी व्हती?"

"माहीत शे. दर श्रावणमा सांगस तू."

सगळ्या गावाला नाचवणारी बाई, पण त्या पोरीपुढे तिचे काही चालायचे नाही. तिने चप्पल घातली, रंगांची थैली उचलली आणि मला म्हणाली, "चाल. तू बी चाल. तुले रडता येस, मले नही."

नवलचा छकडा घेतला. ऊन रणरणत होते. जाऊन परत यायचे म्हणजे दिवस मावळतीला लागणार. आणि अर्ध्या वाटेत ही बाई म्हणते, "थांब." काय, तर वाटेतल्या विहिरीवर तिने मागे काढलेल्या घोड्याचा पाय उडाला होता. उतरली, थैलीतून गेरू काढला, विहिरीचे पाणी घेतले आणि घोड्याचा पाय करत बसली. मी ओरडलो, नवल ओरडला, बैलसुद्धा हंबरले.

"लंगडा घोडा ठेवी कशी जाऊ?" तिने विचारले.

मला तेव्हा कळले की ती घाबरली आहे. पण म्हणून माझा संताप कमी झाला नाही.

धानोऱ्याला छबूबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. छकडा थांबला, भिकूमाय उतरली, अंगणात उभी राहिली. छबूबाईचे सूप थांबले नाही.

"कोन शे?"

"मी भिकू."

"कोनती भिकू?"

"सोया सालमा इसरनी का?"

"आमनी भिकू तं रोट लई गई व्हती," छबूबाई सुपाकडे बघत म्हणाली. "परत नही उनी."

मी खाकरलो. अशा प्रवेशात मी नेहमी पाया पडायचो, निदान पदर तरी तोंडाला लावायचो. भिकूमाय खांबासारखी उभी.

"जमनानं लगीन शे. हत्तीसले डोया नहीत. चाल."

"रोट एक कर. मंग येस."

"जमनानी मूठ टाक. मंग रोट एक करस."

छबूबाईने सूप खाली ठेवले आणि पहिल्यांदा तिच्याकडे बघितले. मग ती हसली. वाईट हसली नाही, पण हसली. "येडी का काय तू? परोन पोर अक्कलकुवावालासनी व्हई जाई. तिन्हा रोट तठला. आपला तिले चालाव नही. आते कोनती मूठ? कोनाकरता भांडी ऱ्हायनी तू?"

सोळा वर्षे जे मनात धरले, ते आता मागायची सोयच राहिली नव्हती. लेक परक्या घरची झाली की माहेरच्या रोटावर तिचे नाव नाही, हे भिकूमायला ठाऊक नव्हते असे नाही. पण ते तिने मोजले नव्हते. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसले. ती ओट्याच्या पायरीवर बसली, थैली मांडीवर घेऊन.

"म्हणजे यंदा श्रावणमा मी कोनानी मूठ मोजू?" तिने विचारले. छबूबाईला नव्हे. कोणालाच नव्हे.

मी रडलो. मला त्यासाठीच नेले होते, पण ते नाटकी नव्हते.

छबूबाईने सुपातली ज्वारी टोपलीत ओतली. मग उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा अंगावर ठेवणीतले लुगडे होते. "चाल," ती म्हणाली. "उन्ह उतरी जाई." बाकी एक शब्द नाही. ना मुठीचा, ना रोटाचा. दोघी छकड्यात पाठीला पाठ लावून बसल्या आणि नवल मला कोपराने ढोसत राहिला.

दिवस मावळायच्या आत आम्ही पोहोचलो. गल्ली होती तशीच भरलेली. छबूबाई दाराशी उभी राहिली. भिकूमायने काजळ घेतले, उजवीकडच्या हत्तीला ठिपका दिला. हत्ती जागा झाला. लोकांनी "वा!" केले. मग तिने काडी धुवायला घेतली.

"आणि दुसरा?" इंदरमलशेठ किंचाळले.

"ती उनी, त्याना एक डोया," भिकूमाय म्हणाली. "मुठना बाकी शे."

"आत्ता मूठ कुठली, माय!" मी हात जोडले. "तूच ऐकलंस ना तिथं? ती गोष्टच संपली!"

"संपनी नही. झायी नही."

ओट्यावर टेकलेली छबूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे तिन्हा हत्ती आंधया. मन्हं काय जास!"

जमनाच बाहेर आली, दोघींकडे बघून हसली आणि म्हणाली, एक देखस तेवढा पुरे. हळद लागली. लग्न झाले. अक्कलकुव्याच्या वऱ्हाडाने विचारले की हा दुसरा हत्ती असा का, तर मी सांगितले, दोघे पाळीपाळीने पहारा करतात, सध्या याची झोपायची पाळी आहे. मला जन्मभर लोकांची अशी समजूत घालावी लागली आहे.

आठ वर्षे तो हत्ती आंधळा राहिला. दर वर्षी भिकूमाय भिंतीला चुना द्यायची आणि त्या पांढऱ्या वाटोळ्याच्या कडेकडेने हात फिरवायची. मी दर वर्षी वाद घालायचो. दर वर्षी हरायचो. छबूबाई सणासुदीला येऊ लागली, पण श्रावणात नाही. जमना गेल्यापासून भिकूमायने रोट केलाच नाही. "कोनाना करू?" म्हणायची. त्या रविवारी ती नुसती ज्वारीची भाकरी खायची आणि मी काही बोललो तर शिंदीची काडी फेकून मारायची.

तोवर तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. लग्नाची कामे बंद झाली. गावातल्या नवरीच्या बापांनी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच भांडणे वाढली, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

बेचाळीसच्या चळवळीनंतरच्या वर्षी श्रावणात, कानबाईच्या आदल्या दिवशी, तिच्या दाराशी छकडा उभा राहिला. मी तिथेच होतो, तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो आणि ती मधेमधे चुकीचे प्रश्न विचारत होती. छबूबाई उतरली. खूप थकली होती. तिच्या मागून एक पोते आणि परात उतरली.

छबूबाईचा नवरा जाऊन दोन वर्षे झाली होती. मुलगा एकटा, त्याला तीन मुली. दीर-पुतणे आपापले रोट घेऊन वेगळे झालेले.

"भिकू," छबूबाई परात पुढ्यात ठेवत म्हणाली, "मन्हा घरमा एक मूठ ऱ्हायनी. खानारा सहा. एक मुठना रोट कितला व्हस, तुले माहीत शे."

केवढा प्रवेश! चोवीस वर्षांचे सगळे आता बाहेर पडणार. मी असतो तर निदान पाऊण घटका बोललो असतो, हात आभाळाकडे नेला असता, पेटीवाल्याला खूण केली असती. आणि या बाईने काय करावे? उठली, चाचपडत रांजणाशी गेली, हात धुतले, परत येऊन पोत्यात हात घातला आणि म्हणाली, "नावे सांग."

"बेबी."

सव्वा मूठ.

"रमिला."

सव्वा मूठ.

"फुली. ती धाकटी शे. दात उनात तिले आते."

सव्वा मूठ. भिकूमायचा हात पोत्यात तसाच राहिला. छबूबाईने तो बघितला.

"जमना आते आपली नही, भिकू."

"माहीत शे."

"तवय टाकाले जोयजे व्हती," छबूबाई म्हणाली. तेव्हाच टाकायला हवी होती. "मी टाकी नही."

भिकूमायने हात बाहेर काढला, मोकळा. तळव्याला चिकटलेले दोनचार दाणे तिने परातीत झटकले. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "बन्सी, काजय काढ."

मी डबी दिली. काडी दिली. म्हटले, "माय, मी हात धरतो. जागा दाखवतो."

"सरक. तुन्ही सावली पडी ऱ्हायनी."

तिला सावली दिसत होती की नाही, देव जाणे. तिने डाव्या हाताने भिंत चाचपली, सोंड सापडली, सोंडेवरून वर गेली, आणि श्वास रोखून ठिपका दिला. आठ वर्षे राखलेली ती पांढरी वाटोळी जागा तशीच कोरी राहिली. डोळा पडला तिच्या वीतभर मागे, थेट कानाच्या मुळाशी.

माझ्या डोळ्यांपुढे पतासीबाईंचे तिरळे चोपदार आले. मी धावत ओले फडके आणले. काजळ ओले आहे तोवर पुसून नीट करता आले असते, पाच मिनिटांचे काम.

"थांबा," मी म्हणालो, "डोळा कानात गेलाय. पुसतो."

"हात लावू नको!" भिकूमाय ओरडली.

"हात लावू नको!" छबूबाई तिच्याहून मोठ्याने ओरडली. "मन्हाकडेच देखी ऱ्हायना तो!"

चोवीस वर्षांनी त्या दोघींचे एका गोष्टीवर एकमत झाले, आणि तेसुद्धा माझ्यावर खेकसायला. मी फडके हातात घेऊन उभा राहिलो. त्या दोघी परात मधे धरून आत गेल्या, आणि आतून पहिला आवाज आला तो छबूबाईचा, की या घरातले जाते किती बोथट आहे.